पाठराखीण निघाली हेलिकॉप्टरनं

तेव्हा मी कोवळी होते, साठीची. अक्कल यायची होती. नातीचं लग्न पन्हाळ्याच्या बाजूला, डोंगरमाथ्यावरच्या पठारावर लागलं आणि शिरोलीत फौंड्री असलेल्या नातजावयानं नवरी हेलिकॉप्टरनं न्यायचं काढलं. पाठराखीण म्हणून तिची किडकिडीत मामेबहीण जायची ठरली होती. मी तिला बाजूला सारलं. नव्या घरी पोरीच्या पाठीशी जाणतं माणूस पाहिजे, म्हटलं. खरं तर मला वरून रंकाळा बघायचा होता.

पायलट सकाळीच निघू या म्हणत होता. पंगती उठेपर्यंत ऊन माथ्यावर आलं. एवढ्या उंचीवर, तापल्या हवेत हे यंत्र कमी ओझं उचलतं, असं त्यानं बजावलं. आम्हाला वजनकाट्यावर उभं केलं, बॅगा जीपमध्ये टाकायला लावल्या. आम्ही गुमान टाकल्या. तो यंत्राकडं वळला आणि बायकांनी आम्हा दोघींच्या ओट्या भरल्या. नारळ, तांदूळ, गूळ, खण, गच्च गाठ मारून. ओटीला कुणी ओझं म्हणतं का?

जावई पायलटशेजारी बसला, आम्ही दोघी मागं. पुरुषभर उचललो. मी खाली उभ्या पाहुण्यांना महाराणीसारखा हात हलवला. कड्याकडं सरकलो तशी घरघर बदलली आणि बूड खाली बसत चाललं. कसलासा भोंगा कोकलायला लागला. पायलटच्या मानेवर घाम निथळत होता. पुढं पठार संपून नुसती दरी.

"आज्जी, खाली चाललंय."

"गप. असंच असतंय," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा बसले होते.

त्यानं दरी टाळून यंत्र मागं वळवलं, टेकवायला गेला, पण हेलिकॉप्टरचा एक पाय खडकात अडकला. आम्ही कुशीवर आदळलो. पंख्याचे तुकडे उडाले, मग धूळ, मग पेट्रोलचा वास.

मी तळाला, नात माझ्यावर पट्ट्यात लोंबकळलेली. जावयानं पायलटला बाहेर ओढलं, वरचा दरवाजा उघडून तिला हात दिला. तिनं आपला पट्टा सोडला आणि बाहेर जायच्या ऐवजी माझ्याकडं वाकली. माझा पट्टा ओटीच्या गाठीत गुंतला होता. कुठंतरी टपटप गळत होतं. आता पेटणार, आणि पोरगी अजून आतच, एवढंच डोक्यात.

"जा तू."

"न्हाय जात."

"सासरची वाट बघत्यात. जा की."

"बघू देत. पोट आत घे, आज्जी."

फोटोसाठीही कधी आत न गेलेलं पोट आत गेलं. तिनं दातांनी गाठ सोडली, तांदूळ माझ्या तोंडावर सांडले, आणि दोघांनी मला वर ओढलं. आम्ही मागं बघत पळालो. पेटलं नाही. पायलटचा हात मोडला. ऊन, उशीर की ओट्या, नक्की कशानं पडलो, हे कुणी सांगितलं नाही. विचारायची मला अजून भीती वाटते.

डॉक्टरनं तपासून सोडल्यावर जीपनं सासरी पोचलो. माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना. ओवाळायला आलेल्या विहीणबाई ताट घेऊन थबकल्या; नवरी कोरड्या डोळ्यांची आणि पाठराखीण हुंदके देतीया, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

नातीनं माझा दंड धरला होता. म्हणाली, "मी बरी हाय. हिला आधी आत घ्या."