पंगतीतला मुद्देमाल

तो तपास आजही आठवतो, आणि डोक्याच्या आधी जिभेला आठवतो. अनसिंगकडचं ते माझं निवृत्तीपूर्वीचं शेवटचं ठाणं. सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला, तोच एक शेतकरी बाई आत धडकली.

"साहेब, माहं कोहळं चोरलं!"

आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. मी हसलो. "ताई, बाजारात दुसरं घ्या."

"असं भेटते काय बजारात? चार माणसं लागत होते उचलाले! वाशिमच्या प्रदर्शनात वजन व्हायचं होतं त्याचं."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. भोपळ्याशेजारची शेळी करडासारखी दिसत होती. मी कप खाली ठेवला.

दरवर्षी सगळ्यांत मोठ्या फळाचं बी राखायचं, मादी फुलावर नर फूल आपल्या हातानं फिरवायचं, वेलीवर एकच फळ ठेवून बाकीची खुडायची, असं तिचं कित्येक वर्षं चाललेलं. यंदा होतं नव्हतं ते बी लावलं आणि एकच वेल टिकली. म्हणजे सगळी मेहनत त्या एका फळाच्या पोटात.

"बक्षीस गेलं त जाऊ द्या," ती म्हणाली, "पन बी गेलं त मले पयल्यापासून सुरू करा लागते."

आमच्या महिला हवालदारांना सोबत घेऊन शेतात घटनास्थळाचा पंचनामा केला. देठ धारदार हत्यारानं कापलेला, ताडपत्रीवरून ओढल्याच्या खुणा डांबरी रस्त्यापर्यंत. तिथं खुणाही संपल्या आणि माझी अक्कलही. तेवढ्यात बाईचा चुलत दीर आला. त्याच्याकडे नातवाचं बारसं होतं.

"साहेब, उपाशी जाऊ नका जी."

नाही म्हणायला हवं होतं. पण भोपळ्याची भाजी अशी फर्मास झाली होती की मी दोनदा मागून घेतली. वर गुन्ह्याचा तपास कसा करतात यावर पंगतीला व्याख्यान दिलं. दीर स्वतः वाढत होता आणि मान डोलावत होता.

दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. प्रदर्शनात मागच्या खेपेला पहिला आलेला शेतकरी रिठदचा. प्रतिस्पर्धी, म्हणजे हाच चोर! त्याला ठाण्यात आणून टेबलावर हात आपटला. हकीकत ऐकून त्याचे डोळेच भरले.

"वेल शाबूत हाय न, साहेब?"

"नाटकं करू नका. कुठं ठेवलंय?"

"मी नेऊन काय करू? सारे ओळखतेत ते कोहळं. काट्यावर ठेवलं की सापडलो. ज्यानं नेलं त्यानं बियासाठी नेलं. गर त कवाच खाऊन टाकला असन कोणी."

मला कालची बारशाची पंगत आठवली. शेजारी हवालदारबाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघेचनात.

"साहेब," शेवटी त्या म्हणाल्या, "दोनदा घेतली होती तुमी."

जीप थेट दिराच्या दारात. गडी जराही डगमगला नाही. "बजारातून आनले होते जी, लहान-लहान. मी त घरी नोतो. घरच्या बाईनंच चिरले."

मी हा जबाब निम्मा उतरवूनही घेतला! हवालदारबाईंनी मात्र भुवया चढवल्या. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिला सुरा पुरुषानं चालवायचा. लेकुरवाळी बाई तो फोडत नाही, अपशकुन मानतात. मी इथलाच, पण घरी तो पहिला सुरा चालवून पुन्हा पेपर वाचत बसणारा. मला कसं सुचावं?

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, "काकू, कोहळं तुमी फोडलं म्हनते!"

दिराची बायको पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"मी? नातवाचं नाव ठेवाच्या दिवशी मी कोहळं फोडीन? काहून खोटं बोलून राह्यले हो? तुमीच त गोठ्यात फोडून फोडी आनून देल्ल्या. बियाले हात नाही लावू देल्ला मले!"

मी विचारलं, "बी कुठंय?" दिरानं वर बोट केलं.

मी जिना कसा चढलो ते मलाच माहीत नाही. स्लॅबवर सुपात राख लावलेलं बी वाळत होतं आणि एक खार त्यातलं एक-एक सोलून खात होती. इतक्या जोरात मी कुठल्या आरोपीवरही ओरडलो नसेन. टोपी फेकून मारली. ती गोठ्यावर जाऊन पडली, पण खार पळाली. बी वाचलं!

दिरावर गुन्हा दाखल झाला. न्यायालयाच्या परवानगीनं बी सुपूर्दनाम्यावर बाईच्या ताब्यात दिलं. 'गर ग्रामस्थांनी सेवन केला' असं दोषारोपपत्रात लिहिलं. त्या ग्रामस्थांत कोण होतं, हे वरिष्ठांनी मला हसू दाबत विचारलं.

या तपासानं एक शिकवलं. खोटं बोलणारा चोरीची बाजू नीट रचतो, घरातली बाजू मात्र घाईत ठोकून देतो, कारण घरात काय चालतं याकडे त्याचं कधी लक्षच नसतं. माझंही नव्हतं. पुढे मी प्रत्येक तपासात आधी विचारायचो, त्या दिवशी काय शिजलं, कुणी चिरलं, कुणी वाढलं.

पेरणीच्या दिवसांत मी चौकात बंदोबस्ताला असताना बाईचा फोन आला. मागून रिठदच्या शेतकऱ्याचा आवाज येत होता, "सांग न साहेबाले, लवकर सांग!"

"साहेब, उगवलं!" ती ओरडली.

"उगवलं!" मीही भर चौकात ओरडलो, दोन्ही हात वर करून. चारही बाजूंची वाहनं जागच्या जागी थांबली.