उरलेली दोन कारिटं

दर दिवाळीला फराळाच्या बशा समोर आल्या की माझा थोरला भाऊ एकच किस्सा काढतो. "आमचा धाकटा भाव करायला गेला आणि अख्ख्या गल्लीची अंघोळ घालवून आला." सगळे हसतात. माझी मुलंही हसतात. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतोय, आणि दादा तो अर्धाच सांगतो. उरलेला अर्धा त्याला ठाऊकच नाही.

तेव्हा आम्ही डोंबिवली पूर्वेला एका चाळीत दोन खोल्यांत राहायचो. आई, दादा, वहिनी, त्यांची छोटी आणि मी. वडील आधीच गेलेले. दादा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कायम झालेला. मी स्टेशनबाहेर हातगाडीवर प्लास्टिकच्या बादल्या आणि तांबे विकायचो. त्यामुळे घरच्या भाषेत दादा 'कामाला जायचा' आणि मी नुसता 'बाहेर असायचो'. नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं. ते भरायचं काम अर्थातच बाहेर असणाऱ्याकडे होतं. पहाटे रांग लावून, भांडून, कधी कॉलर धरून मी ते भरायचो. याचा किस्सा कोणी सांगत नाही.

आई तयारीची बाई होती. कंदिलाची जादा काच जुन्या धोतरात गुंडाळून फळीवर, मेणबत्त्या आणि काडेपेटी दाराच्या डाव्या हाताला, अंधारातही सापडेल अशी. रॉकेलचा एक डबा असा होता की त्याला हात लावायचा नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब घासून पाणी भरायचं आणि त्याला हळदकुंकू वाहायचं, अशी आपल्याकडे रीत. आई वसुबारसेलाच बंब भरून ठेवायची. शिवाय कॉटखाली एक पिंप भरलेलं, वर झाकण, झाकणावर पाटा.

शेजारच्या काकू म्हणायच्या, "शिळ्या पाण्याने अभ्यंगस्नान करता होय?"

आई म्हणायची, "शिळं अन्न असतं. पाणी असतं, नाहीतर नसतं."

त्या वर्षी नसलं. आदल्या दिवशी सकाळी नळ फुसफुसला आणि गप्प झाला. दुपारी गल्लीच्या तोंडाशी खाजगी टँकर आला. बाया हंडे घेऊन धावल्या. टँकरवाल्याने पिंपाचा भाव सांगितला तो ऐकून मला हसू आलं. मी सगळ्यांना मागे उभं केलं. म्हटलं, "कोणी सुटं घ्यायचं नाही. अख्खी गल्ली एकदम घेणार, भाव मी करतो."

यात चूक काहीच नव्हती. आजही मी असाच भाव करतो. अर्ध्यापासून सुरुवात केली, तो पाऊण भावावर आला, मी दोन पावलं मागे फिरलो. आता अजून थोडा खाली येणार, एवढ्यात तो हसून म्हणाला, "लेना है तो लो, नहीं तो सूखी दिवाली मनाओ. तुम लोगों को आदत है."

त्यातलं 'तुम लोगों को' माझ्या डोक्यात गेलं. मी त्याच्या दारावर लाथ मारली. त्याने काच वर केली, गाडी मागे घेतली आणि निघून गेला. गल्लीतल्या सगळ्या बाया रिकामे हंडे घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी मी घरी आलो तर माझ्या गाडीवरच्या नव्या बादल्या ओळीने मांडलेल्या आणि आई कॉटखालचं पिंप त्यांत रिकामं करत होती. प्रत्येक घराला एक बादली.

"हे काय चाललंय? आपल्याला काय उरणार?"

"बंब आहे."

"बंबात कितीसं असतं?"

"टँकर कोणी घालवला?"

"भाव जास्त सांगत होता तो."

"मी भाव विचारला नाही," आई म्हणाली. "ती बादली काकूंकडे पोचव."

पोचवली. एकेका दारात एकेक टोमणा घेत सगळ्या पोचवल्या.

पहाटे पहिला मान दादाचा. थोरला ना. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता आणि मी तांबे मोजत होतो. त्याने सढळ हाताने अंघोळ केली. मग छोटी, मग वहिनी. आईने मला पाटावर बसवून तेल चोपडलं, उटणं लावलं. मी मोरीत गेलो, बंबाची तोटी फिरवली. तांब्याभर पाणी आलं आणि तोटी थांबली. तेलावर तांब्याभर पाणी घेतलं की काय होतं ते ज्याने घेतलं त्यालाच कळेल. बाहेरून दादा म्हणाला, "काय रे, भाव जमतोय का?"

तांब्या मी भिंतीवर आपटला. त्याला पडलेला पोचा अजून आहे. अंगावर जुना शर्ट चढवला, दोन बादल्या उचलल्या आणि खाडीकडच्या आगरी वस्तीतल्या विहिरीवर चालत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय रं, हळद लागली का तुला? नवरी कुठंय?" म्हणाली, आणि पोहरा दिला. मी तिथेच अंघोळ केली. तोवर चांगलं उजाडलं होतं. म्हणजे रीतीप्रमाणे मी नरकात. वाटभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. घरात पाणी भरणारा मी, आणि सगळ्यात शेवटी, कोरडा राहिलो तो मी.

दोन बादल्या भरून परत आलो. दाराशी तुळशीच्या डब्याजवळ आईने कारिटं ठेवली होती. अंघोळ झाली की डाव्या अंगठ्याखाली एक चिरडायचं, बी जिभेला लावायची. घरात माणसं पाच, म्हणून कारिटं पाच. बाजारात घासाघीस करून मीच आणलेली. तीन चिरडलेली होती. मी माझं चिरडलं, कडू बी जिभेला लावली. तरी एक उरलं.

मी वर पाहिलं. आई उंबऱ्यावर बसली होती. केसांत तेल तसंच, अंगावर कालचं लुगडं. आत दादा फराळ करत होता, वहिनी वाढत होती.

"आणलंस?" आई म्हणाली. "गार आहे का रे विहिरीचं?"

"आहे."

"चालेल. भाव काय पडला?"

"फुकट," मी म्हणालो.

ती हसली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि बादली घेऊन मोरीकडे निघाली. मी बादलीचा दुसरा कान धरला.

पुढे मी त्याच स्टेशनजवळ पिंपांचं आणि टाक्यांचं दुकान टाकलं. आता गच्चीवर माझ्या दोन टाक्या आहेत. आई गेल्यावर तिचा बंब मी मागून घेतला, दादाला तो अडगळ वाटत होता. वसुबारसेला मी तो भरतो. मुलं म्हणतात, "बाबा, गीझर आहे." मी भरतो. अंघोळ सगळ्यांच्या शेवटी करतो आणि कारीट एक जास्त आणतो.

ते दिवसभर तुळशीपाशी तसंच पडून असतं. दादा दरवर्षी त्याच्या शेजारीच चप्पल काढतो आणि आत येऊन किस्सा सुरू करतो. हे कोणाचं उरलं, असं त्याने अजून विचारलेलं नाही. यंदा विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर हे वाचायला देईन.