घाट उतरायचं बटण

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदुरात पलासियाला दाताच्या डॉक्टरकडे बसले होते. "काकू, आई गेली. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली... उठलीच नाही," पुतण्याने सांगितलं. मी तशीच उठले आणि रिक्षा करून राजेंद्र नगरला तिच्या घरी गेले. त्याला आता महिना होऊन गेला.

कमलताई माझी थोरली जाऊ. महूची. तिचे वडील लष्करी वर्कशॉपमध्ये गाड्यांचं वायरिंग करायचे. मुलगा नव्हता, म्हणून घरी दुरुस्तीला हाताशी हीच असे. मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मध्य प्रदेश होऊन फार वर्षं झाली नव्हती. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, एका सेठजींचा ट्रक इंदूर-धुळे चालवायचे. एकदा माल उतरवताना पेटी पडून त्यांचा डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण पाऊल नीट वळेना.

क्लच त्यांना सगळ्या पायाचा जोर लावून दाबता येई. अडचण एक्झॉस्ट ब्रेकची होती. इंजिनाचा धूर कोंडून गाडीचा वेग आवरणारा हा ब्रेक, आणि त्याचं बटण खाली फळीवर, डाव्या पायाशी. तिथवर पंजा वळवायचा म्हणजे घोट्यात कळ यायची. एका खेपेला मानपूरचा घाट ते नुसत्या पायब्रेकवर उतरले. खाली येईतो चाकांतून जळका वास यायला लागला होता. घरी कमलताईने दोनतीनदा विचारलं तेव्हा कुठे सांगितलं.

"बटण वर घेऊ. डॅशबोर्डवर, हाताशी," ती म्हणाली.

"फालतू लफडं नको. सेठजींना कळलं तर गाडी दुसऱ्याला देतील."

तरी रविवारी तिने गल्लीतच ट्रकचं काम काढलं. बॅटरीची तार सोडवली, खालच्या बटणाच्या तारा वर आणल्या, मध्ये फ्यूज घातला, डॅशबोर्डला भोक पाडून स्विच बसवला. पुढच्या खेपेला ती स्वतः गाडीत बसली. माझं माहेर धुळ्याचं, म्हणून मीही निघाले. घाटात भाऊजींनी स्विच दाबला, इंजिनाचा आवाज जड झाला आणि भरली गाडी शहाण्यासारखी उतरू लागली. पण खाली सपाटीला भाऊजी स्विच बंद करायला विसरले. गियर बदलायला क्लच दाबला आणि धूर कोंडलेलं इंजिन भर रस्त्यात बंद पडलं. मागची बस हॉर्न देत कशीबशी बाजूने गेली.

भाऊजींचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "चूक माझी. माणूस विसरणारच, हे धरून जोडायला हवं होतं."

परत आल्यावर तिने क्लच आणि अॅक्सिलरेटर, दोन्हींपाशी एकेक छोटा स्विच लावला. दोन्हींपैकी काहीही दाबलं की ब्रेक आपोआप सुटायचा. आता झालं, असं आम्हाला वाटलं. पण ती म्हणाली, "सेठजींना सांगून टाका."

"वेडी आहेस का तू?"

"उद्या काही झालं तर तुमच्या पायाचं मला माहीत होतं, हे मला विसरता यायचं नाही. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

भाऊजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती खरंच गेली, मला सोबत घेऊन. सेठजींनी ऐकून घेतलं आणि भाऊजींना बोलावलं. "पाँव का बोला क्यों नहीं, भिया?" इतकंच विचारलं. मग स्वतः शेजारी बसून मानपूरपर्यंत गेले, घाट उतरून परत आले. तोवर कमलताईने घरात एकच भांडं कितीदा तरी घासलं. आल्यावर सेठजी दारातूनच म्हणाले, "गाड़ी इन्हीं के पास रहेगी. बटन आप देखती रहना."

भाऊजींनी तो रस्ता पुढे बरीच वर्षं चालवला. त्या भांडणाबद्दल दोघंही कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही.

तिची एक सवय मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती. कुठलाही स्विच बंद केला की ती मोठ्याने "बंद" म्हणायची, घरात कुणी असो नसो. ते ऐकू आल्याशिवाय दुसऱ्याने तारेला हात लावायचा नाही, हा तिच्या वडिलांचा नियम होता. परवा मी भेटायला गेले होते. निघताना भाऊजी मला सोडायला उठले. काठी टेकत त्यांनी पंखा बंद केला, दिवा बंद केला, आणि अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "बंद."