चाळीस हात कमी

माझा भाऊ अर्धा मैल पळायचा. नाशिकच्या एका हायस्कुलात माझे वडील शिपाई होते. शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली आम्हाला राहायला दिली होती. घंटा देणं, वर्ग झाडणं आणि थंडीत मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं ही आबांची कामं. माझं शिक्षण चौथीत संपलं. शाळेच्या आवारात राहूनही पाचवीच्या बाकावर मी कधी बसले नाही. मैदानावर मात्र मुलांपेक्षा जास्त वेळ मीच असायची, कारण दोरीचं दुसरं टोक धरायला आबांना माणूस लागायचं.

त्या वर्षी मी बारा वर्षांची होते आणि भाऊ सोळा-सतराचा.

थंडी पडली की शाळाशाळांच्या शर्यती सुरू व्हायच्या. शंभर यार्डांकडे लोकांचं फारसं लक्ष नसे, ती शर्यत डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपायची. गाव भांडायचं ते अर्ध्या मैलावरून. अर्धा मैल पळायला पायही लागतात आणि अक्कलही, असं आमचे ड्रिलमास्तर म्हणायचे. त्या साली गावात दोनच मुलांचं नाव होतं. एक माझा भाऊ. दुसरा गावातल्याच दुसऱ्या हायस्कुलातला, एका मुसलमान टांगेवाल्याचा मुलगा. न्हाव्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीवर, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, धुणं धुताना बायकांतसुद्धा, या दोघांत सरस कोण याचा वाद चाले.

मी दोघांनाही पळताना पाहिलं होतं. भाऊ उंच, लांब टांगेचा. सुटला की पहिल्या दोन फेऱ्या असा जायचा की बाकीची पोरं उभी आहेत असं वाटावं. तिसऱ्या फेरीत त्याची कोपरं बाहेर यायची, मान वाकडी व्हायची, आणि चौथी फेरी तो नुसत्या हट्टावर काढायचा. टांगेवाल्याचा मुलगा बुटका. सुरुवातीला बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखा पळे. त्याची खरी शर्यत तिसऱ्या फेरीला सुरू व्हायची. सकाळी तो त्र्यंबक रस्त्यावर बापाच्या टांग्याशेजारून पळायचा. दूध आणायला जाताना मला तो दिसे. घोडा तोंडातून फेस काढायचा आणि हा घोड्याशी बोलत पळायचा.

पुण्याला सगळ्या जिल्ह्यांच्या शर्यती होत्या आणि नाशकातून अर्ध्या मैलाला एकच मुलगा जाणार होता. पुण्यात पहिल्या तिघांत आलं की साहेब लोक पोलिसात नाहीतर रेल्वेत चिकटवून घेतात, अशी बोलवा होती. खरी-खोटी देव जाणे. पण शिपायाच्या आणि टांगेवाल्याच्या घरात ती खरीच मानली गेली.

दोघांना एकत्र पळवून निकाल लावायचा, हे कुणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. पण शर्यती संध्याकाळी चारला असत आणि नेमका रमजान आला होता. त्यांचे मास्तर म्हणाले, "आमचा मुलगा रोजे धरतो. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, त्याला चारला पळवणार नाही. सकाळी पळेल."

आमच्या हेडमास्तरांनी ते मान्य केलं. मग प्रश्न आला मैदानाचा. आम्ही त्यांच्या मैदानावर जायचं नाही आणि त्यांनी आमच्याकडे यायचं नाही. यात दोन्ही हेडमास्तरांची अब्रू अडकली. शेवटी ठरलं ते असं: तिसऱ्या एका शाळेचे मास्तर पंच, घड्याळ त्यांचं, एकच. एका सकाळी ते आमच्या मैदानावर भावाचा वेळ घेणार, दुसऱ्या सकाळी त्यांच्या मैदानावर त्या मुलाचा. ज्याचा वेळ कमी तो पुण्याला.

आता दोरीचं सांगते. आबांकडे मैदान आखायची अंबाडीची दोरी होती, त्याच साली नवी केलेली. बरोबर चव्वेचाळीस हातांची, म्हणजे बावीस यार्ड. अशा दहा दोऱ्या म्हणजे मैदानाची एक फेरी आणि चार फेऱ्या म्हणजे अर्धा मैल. दोरी करताना मी आबांसमोर बसून हात मोजले होते. ती पेटीत असे आणि तिला हात लावायचा नाही अशी मला ताकीद होती.

रेघा मारायच्या दोन दिवस आधी आबा सिन्नरकडे आमच्या गावी गेले होते. आई शेजारच्या बाळंतिणीकडे. मी आडावर पाणी काढत होते आणि दोर तुटला. पोहरा तळाला गेला. घरात पाणी नाही, आई येऊन ओरडणार. मी पेटी उघडली, मापाची दोरी काढली, बादलीला बांधली आणि सहा बादल्या पाणी काढलं. मग दोरी कुंपणावर वाळत घातली, कडकडीत वाळल्यावर गुंडाळून होती तशी पेटीत ठेवली. मी काही चूक केली असं मला वाटलंच नाही. दोरी तर तुटली नव्हती.

अंबाडीची नवी दोरी भिजून वाळली की आखडते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी आम्ही मैदान आखायला लागलो तेव्हा ठाऊक झालं. मागच्या सालच्या खुंट्यांची भोकं जमिनीत होती आणि दोरी त्या भोकांपर्यंत पोचेना.

"वढ की नीट! जेवली नाय का?" आबा पलीकडून ओरडले.

"ओढतेय, आबा."

"मग पुरंना कशी?"

मला बादली आठवली. मी टाचा रोवून दोरी आणखी ओढली.

आबांनी डोकं खाजवलं. पुढच्या भोकाशी तेच, त्याच्या पुढेही तेच. मग ते म्हणाले, "मागल्या सालीच माझं चुकलं आसंल. ही दोरी नवी हाय, मापाची हाय." आणि त्यांनी दोन्ही वळणं आत घेतली, दहा दोऱ्यांत फेरी बसवली आणि फक्की ओतली. स्वतःच्या डोळ्यापेक्षा त्यांचा दोरीवर विश्वास जास्त. कारण दोरीचं माप ड्रिलमास्तरांनी शिकवलं होतं.

भावाची सकाळ आली. अख्खी शाळा कुंपणावर. तो पळाला तो नेहमीसारखाच, फक्त चौथ्या फेरीत नेहमीइतका मोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा वेळ आला. भाऊ दोन सेकंदांनी पुढे निघाला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. हेडमास्तरांनी पेढे वाटले. आई देवापुढे बसली. मी माझा पेढा कोनाड्यात ठेवून दिला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी आबांची तंबाखू आणायला मी टांगा-स्टँडावरून जात होते. तो मुलगा घोड्याला खरारा करत होता. मला ओळखायचा.

"ए, तुझ्या भावाला सांग, जबरदस्त पळाला म्हणावं. इतक्या कमी वेळात येशील असं वाटलं नव्हतं मला."

त्याचा बाप टांग्यावर बसला होता. तो म्हणाला, "झालं तुझं पळणं? आता ईद झाली की शाळा बस्स. लगाम धर."

"धरतो ना, अब्बा. कुठं पळून चाललोय."

"पळून जाशील कसा? दोन सेकंद कमी पडतात तुला," बाप म्हणाला, आणि दोघंही हसले. मला त्या हसण्याचा राग आला. ते रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी पेटीतली दोरी काढली आणि मोजली. माझा हात लहान म्हणून आबांच्या हाताएवढी काडी घेऊन मोजली. त्रेचाळीस. पुन्हा मोजली. त्रेचाळीसच. एका दोरीत एक हात, फेरीत दहा, अर्ध्या मैलात चाळीस हात. एवढं गणित चौथीवालीला येतं.

भावाला सांगितलं. तो बूट पाहत बसला होता. पुण्यासाठी शाळेने त्याला कॅनव्हासचे बूट दिले होते, आयुष्यातले पहिले.

"गप बस," तो म्हणाला. "मी पळालो का दोरी पळाली?"

"चाळीस हात कमी पळालास."

"चाळीस हात मी थुंकत थुंकत गेलो असतो."

"दोन सेकंदांत?"

तो उठून माझ्यासमोर उभा राहिला. "आणि आबांची नोकरी गेली तर? ही खोली गेली तर? जा, सांग सगळ्यांना. सांग, मी पाणी काढलं."

तो वाईट नव्हता. त्याला पुण्याला जायचं होतं. पुढे लोकांनी मला विचारलं की तुझ्या भावाने स्वतःहून सांगितलं ना? नाही. त्याने नाही सांगितलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही आणि बूट उशाशी घेऊन झोपला.

तिसऱ्या दिवशी आबा जेवत असताना मी सांगून टाकलं. आबांनी भाकरी ताटात ठेवली. हात न धुता उठले, दोरी काढली आणि कोपरापासून बोटापर्यंत मोजत गेले. शेवटच्या गाठीशी आले, थांबले. मग मला एक थोबाडीत दिली. फार जोरात नाही.

"आखताना का बोलली नाय?"

"भीती वाटली."

"मंग आता?"

"आताही वाटते."

आई म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना. कुणाला कळतंय? पोराचं नशीब उघडलंय."

आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "रेघ माझी हाय." त्यांनी टोपी घातली आणि हेडमास्तरांच्या घरी गेले. तिथे त्यांनी एवढंच सांगितलं की मापात माझ्याकडून चूक झाली, दोरी भिजली होती. कुणी भिजवली ते सांगितलं नाही.

हेडमास्तर खूप बोलले. पेढे वाटून झाले होते, ते त्यांना फार लागलं. पण आमचे ड्रिलमास्तर सरळ माणूस. ते म्हणाले, त्र्यंबक रस्त्यावर सरकारी फर्लांगाचे दगड आहेत. चार फर्लांग म्हणजे अर्धा मैल. ते दगड भिजून आखडत नाहीत. रस्ता कुठल्याच शाळेचा नाही. दोघांना एकदम पळवा, सकाळी.

अशी ती शर्यत झाली. धुकं होतं, हात बाहेर काढवत नव्हता. बैलगाड्या कडेला थांबवल्या होत्या आणि गाडीवान पेरू खात बघत होते. मी चौथ्या दगडापाशी आबांबरोबर उभी होते. भावाने बूट घातले नाहीत. नवे बूट चावतात म्हणाला. मला वाटतं, ते बूट अजून आपले नाहीत हे त्याला कळलं होतं.

पहिल्या दगडापर्यंत भाऊ खूप पुढे होता, हे मागाहून कळलं. दुसऱ्यापर्यंतही. तिसऱ्या दगडाच्या पुढे रस्त्यावर नुकतीच खडी पसरली होती, रूळ फिरायचा होता. भावाचे पाय मैदानाच्या मातीचे. त्याचं पाऊल आखडलं, कोपरं बाहेर आली. तो मुलगा त्या रस्त्यावर रोज पळत होता. जवळ आला, बरोबरीने आला. दोघं खांद्याला खांदा लावून आमच्याकडे आले. मी कुणाच्या नावाने ओरडले नाही. शेवटच्या वीस पावलांत तो मुलगा दोन हातांनी पुढे गेला. पंच मास्तर इतके उड्या मारत होते की घड्याळ दाबायचं विसरले.

भावाच्या तळव्यांतून रक्त येत होतं. तो दगडावर बसला. तो मुलगाही शेजारी बसला, धापा टाकत. रोजा असल्याने त्याला पाणी नको होतं, म्हणून भावानेही आबांचा तांब्या परत केला. मग टांगेवाल्याने टांगा आणला आणि भावाला म्हणाला, "चल बेटा, बस. या पायांनी घरी कधी पोचशील?"

भावाने त्याच संध्याकाळी बूट त्या मुलाला नेऊन दिले. बूट त्याला मोठे होत होते. पुढे चिंध्या कोंबून त्याने ते पुण्यात घातले आणि तिथे तो पाचवा आला. पोलिसात कुणी घेतलं नाही. ईद झाली आणि त्याने लगाम हातात घेतला. आबांची नोकरी राहिली. दुसऱ्या वर्षी शाळेने लोखंडी साखळी आणली आणि ती दोरी आमच्या आडाला लागली. भाऊ मॅट्रिकला एकदा नापास झाला, मग पास झाला आणि जकात नाक्यावर कारकून झाला. माझ्याशी तो महिनाभर बोलला नाही. मीही बोलले नाही.

दोघांत सरस कोण होता, हे मला आजही सांगता येत नाही. मैदानावर माप खोटं होतं, रस्त्यावर खडी होती, आणि एकजण उपाशी. सारख्या जागी, सारख्या पोटाने ते दोघं कधी पळालेच नाहीत.

लग्नानंतर मी माहेरी यायची तेव्हा भाऊ मला न्यायला नाशिक रोड स्टेशनवर यायचा. येताना त्या टांगेवाल्याच्या मुलाशिवाय दुसऱ्या कुणाच्या टांग्यात बसायचा नाही. एकदा मुलगी माझ्या मांडीवर होती, सामान बरंच होतं. भावाच्या नव्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी टांगेवाल्याने टांगा थांबवला. घर अजून पुढे होतं.

"अरे, इथं का थांबवलास?" भाऊ म्हणाला.

"उतर की. चाळीस हातच तर राहिलेत. तेवढे तुमच्या घरात मोजत नाहीत ना."

भावाने त्याला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला सांग. दोरी हिने भिजवली."

इतक्या वर्षांत हे टांगा हाकणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू?"

"हो, मी," मी म्हटलं. "आणि सांगितलंही मीच. आता हाक पुढं, पोर भुकेली आहे."

त्याने लगाम सैल सोडला आणि टांगा दारापर्यंत नेला.