स्वातंत्र्याच्या बाजूनं, सख्ख्या भावासमोर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी न्यू जर्सीत पर्थ अँबॉयला एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले. आईचा आग्रह एडिसनचा होता, म्हणजे चार मराठी माणसं जवळ असतील. पण तिथली ठरलेली खोली ऐन वेळी दुसऱ्या कुणाला गेली, आणि मला जिथे मिळाली तिथे जावं लागलं. घरमालकीण सत्तरीला टेकलेली, एकटी. जन्म प्वेर्तो रिको बेटावरचा. विशीत नवऱ्याबरोबर इथे आली आणि शाळेची बस चालवता चालवता रिटायर झाली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, आईच्या वयाच्या बाईला तुमच्याकडे काय म्हणतात. मी 'मावशी' सांगितलं. तिनं तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला आणि मग मला दुसरं काही म्हणू दिलं नाही. आमचं बोलणं सगळं इंग्रजीतच व्हायचं, पण आता आठवताना मला ते मराठीतच ऐकू येतं.

मावशीचा एक धाकटा भाऊ होता. आमच्यापासून गाडीनं दहा मिनिटांवर राहायचा. जन्मभर अमेरिकेच्या फौजेत नोकरी केलेला, ताठ चालणारा माणूस. तो या घरात कधी आलेला मी पाहिला नव्हता. कारण कळायला मला बरेच महिने लागले.

त्यांचं बेट शंभराहून जास्त वर्षं अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथली माणसं अमेरिकेची नागरिक आहेत, पासपोर्ट अमेरिकेचा आहे, फौजेत भरती होता येतं. पण बेटावर राहत असतील तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. म्हणून दर काही वर्षांनी तिथे लोकांना विचारतात की पुढे काय करायचं. अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हायचं, की स्वतंत्र व्हायचं, की स्वतंत्र होऊन अमेरिकेशी करारानं बांधून राहायचं? मागच्या वेळच्या मतदानाआधी एका लग्नाच्या जेवणात भावानं मावशीला सांगितलं की तुझं स्वातंत्र्य म्हणजे भिकेचे डोहाळे आहेत. मावशीनं त्याला सगळ्यांसमोर गद्दार म्हटलं. तेव्हापासून दोघं एका टेबलावर जेवले नव्हते. गंमत म्हणजे बेट सोडून इकडे आलेल्यांना या मतदानात भागच घेता येत नाही. ज्या प्रश्नावरून भावंडांचं बोलणं बंद झालं, त्यावर मत द्यायचा अधिकार दोघांपैकी एकालाही नव्हता. तो होता फक्त त्यांच्या आईला. ती नव्वदी ओलांडलेली, बेटावरच्या आपल्या गावात, नातीपाशी.

पुन्हा मतदान जाहीर झालं तेव्हा आमच्या गावातल्या एका कम्युनिटी हॉलनं रविवारी दुपारी जाहीर वादविवाद ठेवला. राज्य होण्याच्या बाजूनं मावशीचा भाऊ बोलणार होता. स्वातंत्र्याच्या बाजूनं कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ येणार होते, पण त्यांनी तीन आठवडे आधी कॅन्सल केलं. मावशीनं हे दुकानात ऐकलं, तशीच हॉलवर गेली आणि स्वतःचं नाव देऊन आली. घरी आल्यावर मात्र कोट न काढता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिली.

"मी आयुष्यात कधी माइकसमोर उभी राहिलेली नाही," ती म्हणाली. "बसमध्ये मागच्या सीटवरच्या पोरांवर ओरडले आहे, तेवढंच."

मी सहज बोलून गेले की कॉलेजात मी वादविवाद स्पर्धा करायचे. तिनं मान वर केली, आणि माझे पुढचे तीन आठवडे ठरून गेले.

मी अमरावतीची. आमच्या घरी वेगळा विदर्भ हा विषय पोह्यांबरोबर निघायचा आणि जेवणापर्यंत चालायचा. बाबा वेगळ्या राज्याचे, तर काका अखंड महाराष्ट्राचे. दोघांचा आवाज चढला की आई टीव्ही मोठा करायची. राज्य मागणं वेगळं आणि देश मागणं वेगळं, हे मला कळत होतं. पण मावशी भावाबद्दल बोलायला लागली की तिच्या कपाळावर जी शीर फुगायची ती मी लहानपणापासून ओळखत होते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "तू कायले त्यायच्या भानगडीत पडतेस? अभ्यास कर." आणि मग अर्धा तास मावशीनं कोणते मुद्दे घ्यावेत ते सांगत बसले.

आम्ही रोज संध्याकाळी जेवणाआधी सराव करायचो. प्रत्येकाला सात मिनिटं मिळणार होती. कॉलेजात घंटा वाजायची तशी मी वाटीवर चमचा वाजवायचे, सहाव्या मिनिटाला एकदा आणि सातव्याला दोनदा. पहिले चार दिवस मावशी सातव्या मिनिटाला तिच्या आजोबांच्या उसाच्या शेतापर्यंतच पोचलेली असायची. मग मी विरोधक व्हायचे. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून मुद्दे काढून मी राज्याची बाजू मांडायचे आणि ती चिडायची. चिडली की स्पॅनिशवर जायची, मग मला काही कळायचं नाही आणि सराव तिथेच संपायचा.

दुसऱ्या आठवड्यात मला आमच्या कॉलेजातल्या सरांची एक रीत आठवली. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ते सगळ्यांच्या बाजू उलटवायचे. ज्याला 'विरुद्ध' बोलायचंय त्यानं आठ दिवस 'बाजूनं' बोलायचं, आणि तेही मनापासून. मी मावशीला म्हटलं, आजपासून तुम्ही तुमच्या भावाची बाजू मांडायची.

तिनं हातातला टॉवेल टेबलावर टाकला. "ते माझ्या तोंडून निघणार नाही."

"मग त्यांना उत्तरही देता येणार नाही. तुम्ही त्यांच्याशी भांडताय, त्यांच्या म्हणण्याशी नाही."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी नेवार्कहून लॅबमधून परतले तर ती स्वयंपाकघरात उभीच होती, पाठ सरळ, हात मागे. तिनं मला बसायची खूण केली आणि भावाची बाजू सुरू केली. आधी मुद्दे कोरडे होते. पासपोर्ट, पेन्शन, वादळात तुटलेल्या विजेच्या तारा. मग ती म्हणाली, "मी अठरा वर्षांचा असताना या देशाचा गणवेश घातला. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा माझ्याच गावचा होता. तो परत आला तो झेंड्यात गुंडाळून. त्या झेंड्यावर प्रत्येक राज्याचा एक तारा आहे, आमच्या बेटाचा नाही. त्याच्या आईला मी काय सांगू? की तो दुसऱ्यांच्या देशासाठी गेला?"

इथे ती थांबली. मी चमचा खाली ठेवला. मावशी खुर्चीवर बसली आणि रडली. तो मुलगा तिलाही माहीत होता, लहानपणी त्यांच्या अंगणात खेळायचा. भावानं इतक्या वर्षांत त्याचं नाव एकदाच काढलं होतं, आणि तेव्हा ती भांडण्याच्या भरात नीट ऐकत नव्हती. "मी त्याला गद्दार म्हटलं," ती म्हणाली. मी उठून चहा केला.

त्यानंतर तिचं भाषण बदललं. मत तेच राहिलं, किंबहुना जास्त पक्कं झालं, पण आजोबांचं शेत गेलं, शिव्या गेल्या, आणि सात मिनिटांत दोन मिनिटं उरायला लागली.

रविवारी हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. माणसं भिंतींना टेकून उभी होती. तरुण मुलंही पुष्कळ होती, इथेच जन्मलेली, इंग्रजीत कुजबुजणारी, आणि त्यांच्यासाठी म्हणून वादविवाद इंग्रजीत ठेवला होता. पुढच्या टेबलावर आयोजक बाईंनी एक फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. त्यात बेटावरून मावशीची आई दिसत होती, कानाला हात लावून, आणि शेजारी नात तिला इंग्रजीचं स्पॅनिश करून सांगत होती.

आधी भाऊ बोलला. चांगला बोलला, मोजून आणि आवाज न चढवता. पेन्शन, शिक्षण, मतदानाचा हक्क. फौजेबद्दल एकच वाक्य बोलला आणि पुढे गेला. हॉलच्या उजव्या बाजूला राज्यवाले बसले होते, त्यांनी जोरात टाळ्या दिल्या. बसताना त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही.

पुढच्या टेबलापाशी माझ्या शेजारी बसलेली मावशी उठली. तिनं माइक खाली केला आणि कागद उलटा ठेवला.

"माझ्या भावानं त्याची बाजू पूर्ण सांगितली नाही," ती म्हणाली. "त्याची परवानगी असेल तर राहिलेली मी सांगते."

हॉलमध्ये हसण्याची एक लाट आली. लोकांना वाटलं, आता टोमणा येणार. पण मावशीनं खरोखरच त्याची बाजू मांडली. गणवेश, शेजारची खाट, झेंडा, नसलेला तारा आणि त्या मुलाची आई. नाव घेतलं नाही. सगळं मिळून दीड मिनिट असेल. उजवीकडचा एक म्हातारा टोपी काढून बसला. भाऊ समोरच्या बाटलीकडे बघत होता.

मग ती म्हणाली, "ज्याला हे ऐकून काही वाटत नाही, त्यानं माझ्या बाजूला येऊ नये. मला ते नको. आता मी सांगते की एवढं सगळं कळूनही मला स्वातंत्र्य का हवंय." आणि तिनं सांगितलं. त्या मुलाला लढायला पाठवायचं की नाही, हे त्याच्या गावानं कधी ठरवलं नव्हतं. बंदरात कोणतं जहाज यावं, शाळा कुठली बंद व्हावी, वादळानंतर मदत कधी यावी, हे ज्या खोल्यांत ठरतं तिथे आमच्या माणसाला बसायला मिळतं, पण मत नाही. तारा मिळाला तर तो दुसऱ्यानं दिलेला असेल, तिला तो स्वतः लावायचा होता. स्वातंत्र्य स्वस्त आहे असं ती म्हणाली नाही. पहिली वर्षं कठीण जातील, हे तिनंच आधी सांगून टाकलं. आणि भाऊ ज्याला सगळ्या भाषणात 'बेट' म्हणाला होता, त्याला ती 'देश' म्हणाली, प्रत्येक वेळी, न अडखळता.

सातवं मिनिट संपायला काही सेकंद असताना ती थांबली. मग टाळ्या डावीकडून सुरू झाल्या आणि उजवीकडे गेल्या. टोपी काढलेला तो म्हातारा उभा राहिला, मग त्याच्या मागची रांग, मग भिंतीला टेकलेली मुलं. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. मी स्पर्धा जिंकलेल्या आहेत, पण माझ्या कुठल्याही बक्षिसाच्या वेळी छाती अशी भरून आली नव्हती.

आयोजक बाईंनी भावाला उत्तरासाठी दोन मिनिटं दिली. तो उठला, आणि पहिल्यांदा बहिणीकडे वळला.

"माझं म्हणणं माझ्यापेक्षा हिनं चांगलं सांगितलं," तो म्हणाला. "तरीही मी हिच्याशी सहमत नाही." हॉल हसला. तो हसला नाही. "पण हिच्यासारखी माणसं जर तो देश चालवणार असतील, तर मला त्याची भीती वाटत नाही. एवढंच."

त्यानं 'देश' म्हटलं, हे मावशीच्या लक्षात आलं. तिनं टेबलाखाली माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

फोनमधून तेवढ्यात आईचा आवाज आला. कुणीतरी तो फोन माइकजवळ धरला. आई स्पॅनिशमध्ये बोलली आणि अख्खा हॉल हसून कोसळला. मला नंतर कळलं की ती म्हणाली होती, दोघंही छान बोललात, पण माझं मत मी कुणाला सांगणार नाही.

भाऊ त्या संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आला. मावशीनं वाटाण्यासारखे दिसणारे कसलेसे दाणे घालून भात केला होता, मी बटाट्याची भाजी केली. त्यानं दारात उभं राहून घर निरखलं, मग बहिणीच्या नवऱ्याच्या फोटोपाशी थोडा वेळ थांबला. जेवताना दोघं बंदराच्या कायद्यावरून पुन्हा वाद घालायला लागले. मी बाजूला वही ठेवून दोघांचे मुद्दे लिहून घेतले, कारण दोघंही मला साक्षीदार करत होते.

मतदान झालं. सर्वांत जास्त मतं पुन्हा राज्य होण्याच्या बाजूनं पडली. आणि त्यावरही शेवटचा शब्द वॉशिंग्टनचाच, म्हणून प्रत्यक्षात काही बदललं नाही. मला वाटलं होतं मावशी खचेल. ती निकालाच्या दिवशी सकाळी नवा ब्लाउज घालून खाली बसली होती. सांगत होती की दुसऱ्या गावातल्या हॉलनं फोन केलाय, त्यांना भाऊ आणि बहीण दोघंही हवेत. आतापर्यंत ती जोडी चार गावांत बोलून आली आहे. तिसऱ्या गावात मी गेले होते. तिथे एका शाळकरी मुलीनं माइकवर विचारलं की सात मिनिटांत असं बोलायला कसं शिकायचं. मावशी म्हणाली, "ज्याच्याशी तुझं सगळ्यात जास्त भांडण आहे, त्याच्या जागी आधी उभी राहा." मग तिनं हॉलमध्ये मला शोधलं, हात करून उठवलं, आणि सगळ्या लोकांना मोठ्यानं, अमरावतीच्या कॉलेजाचं नाव तिच्या पद्धतीनं उच्चारत सांगितलं की हे तिला कुणी शिकवलं.