हॅडलीच्या तळ्यातले मासे

सिएरा नेवाडाच्या डोंगरांत खेचरांवरून लोकांचं सामान वाहता वाहता लॉरीन हॅडलीला अठ्ठ्याहत्तरावं लागलं. खेचरांच्या संगतीत बाईचा स्वभावही तसाच झालाय, असं गावातले लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना कोण विचारतंय!

अकरा हजार फुटांवरच्या या तळ्याला नकाशात नाव नाही, गावात ते हॅडलीचं तळं. लॉरीन सहा वर्षांची असताना तिचा बाप अमोस याने दुधाच्या कॅनमधून ट्राउटची बोटाएवढी पिल्लं इथे आणून सोडली. वाटेतल्या दर ओढ्याला थांबून पाणी बदलायचं काम तिचं. त्याआधी तळ्यात औषधालासुद्धा मासा नव्हता.

आज तिच्याबरोबर वन्यजीव खात्याची डेनिस अरोयो होती. इथले डोंगरी बेडूक संपत आलेत, कारण ट्राउट त्यांची पिल्लं खातात. जिथे पूर्वी बेडूक होते, तिथले मासे जाळी लावून काढायचे आणि बेडूक परत सोडायचे, असं खात्याने ठरवलं होतं. या तळ्याची जुनी नोंद कुठेच नव्हती. मासे यायच्या आधीचं तळं पाहिलेलं एकच माणूस हयात होतं.

"मग, होते का बेडूक?" डेनिसने पोचल्या पोचल्या विचारलं.

"आधी मासे धरू दे. मग बघू."

वारा पडला होता. लॉरीनने छडी मागे नेऊन दोरी सोडली. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद बसली आणि घटकाभरात मासा वर आला. हात ओला करून तिने गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला. डेनिसची दोरी मागच्या पाइनमध्ये अडकली.

"झाडाला भूक नाहीये, पोरी."

दुपारी दोघींनी डब्यातले बीन्स खाल्ले. डेनिसने पुन्हा काही विचारलं नाही, आणि तेच लॉरीनला जड गेलं. नाही म्हटलं की संपलं. कोण पडताळणार? बापाचं घर विकलं गेलं होतं. त्याच्या हातचं जगात काही उरलं असेल तर ते या पाण्यात पोहत होतं.

उन्हं कलताना केशरी पोटाचा एक मासा लागला. तो तिने पाण्यातच दोन्ही हातांत धरून ठेवला. "तुझ्या खापरपणजोबाला मी ओढ्याचं पाणी पाजलंय," ती त्याला म्हणाली आणि हात मोकळे केले.

मग काठावर येऊन बसली.

"लिही, पोरी. पाय ठेवायला जागा नव्हती, इतके बेडूक. पायाखाली चिरडतील म्हणून मी भोकाड पसरलं. शेवटी बापाने मला काखोटीला मारलं, आणि दुसऱ्या हातात माशांचा कॅन."

डेनिसने वही उघडली, पण लिहिलं नाही. "तुम्ही 'बेडूक नव्हते' म्हणाला असतात, तरी मी मानलं असतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर दिवस लागला."

पाण्यावर मासे उठत होते.

"जाळी वर कशी आणता तुम्ही लोक?" लॉरीनने विचारलं.

"पाठीवर. चार-पाच फेऱ्या होतात."

"पाठी मोडून घ्याल. माझी खेचरं आहेत. बर्फ वितळलं की निरोप धाड, मी येईन." तिने छडीचे तुकडे सुटे करून पिशवीत भरले. "मासे हॅडलीने वर आणलेत, हॅडलीच खाली नेईल."