आईची होमिओपॅथीची चिठ्ठी

नव्वद सालानंतरची गोष्ट. आईच्या तळहातांना एवढ्या भेगा पडल्या होत्या, की भाकरी थापताना ती ओठ दाबून धरायची. वडील भिंगारला लष्कराच्या डेपोत कामगार, त्यामुळे सरकारी दवाखाना आम्हाला हक्काचा होता. पण आईनं तिथं जाणंच सोडलं होतं. "हात दावायच्या आधीच मलम लिवत्यात," म्हणायची.

मग त्याच दवाखान्यात दर गुरुवारी होमिओपॅथीच्या डॉक्टरबाई यायला लागल्या. औषध फुकट, फक्त मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी. मी नुकतीच बी.ए. झाले होते, आमच्या घराण्यातली पहिली. आईला घेऊन मीच गेले.

मोठे डॉक्टर हसले. "साबुदाण्याच्या गोळ्या खायच्यात का?"

"साहेब, सोय सरकारनंच केलीय. तुम्ही फक्त लिहून द्या."

"कॉलेजात जातेस वाटतं."

"संपलं कॉलेज. पास झाले."

त्यांनी लिहून दिलं. "मलम मात्र बंद करायचं नाही," असं बजावलं. ते मला पटलं.

डॉक्टरबाईंनी आईचे हात उलटसुलट पाहिले आणि विचारायला लागल्या. तहान किती लागते?

"धाकट्याला लई लागती. तांब्या उशालाच ठेवावा लागतो."

झोप?

"ह्यांची रातपाळी असली की झोपेचं खोबरं."

राग येतो का?

"सासूबाईंला यायचा. आता थकल्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, सगळं घर तपासून झालं. आता पेशंटला आत पाठवा."

आई हसली आणि माझ्याकडं बघायला लागली. आमच्याकडच्या बायका अशाच. कसं काय विचारलं, की घरच्यांचं सांगायचं. मी तोंड उघडलं, तर बाईंनी मला हातानं थांबवलं. बाहेर रांग होती, तरी त्या थांबल्या.

"रातीला हात जळत्यात," आई शेवटी म्हणाली. "मग खाली फरशीवर ठेविते. गार असती."

एकाच खोलीत झोपायचो आम्ही. मला हे माहीत नव्हतं.

थंडी सरता सरता हात भरून आले. मलमानं की गोळ्यांनी, ते मी सांगू शकत नाही. पण त्या पहिल्या भेटीनंतर पुढच्याच गुरुवारी मी चपला घालायला लागले, तर आई म्हणाली, "तू कशाला येतीस? चिठ्ठी मागते की मी. बाईंला माझं निम्मं सांगायचं राह्यलंय."